राघू-मैनेची ढोली

शनिवारी सकाळी आबा फाटक ढकलून आत आले ते हातात पिंजरा घेऊनच. आबा म्हणजे आमचे शेजारी. इथे ऑस्ट्रेलियातल्या बुरोवा गावात लहानथोर सगळेच एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारतात, मीही त्यांना तोंडावर तशीच मारते. पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाचं नाव असं घेताना सहा वर्षांनंतरही जीभ अडखळते, म्हणून मनातल्या मनात ते माझे आबाच. पिंजरा बारीक जाळीचा, गुडघ्याएवढा, दोन कप्प्यांचा. तो त्यांनी व्हरांड्याच्या पायरीशी टेकवला, टोपी काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, "तुझ्याकडे ठेवला तर चालेल का? माझ्याकडे त्या फिरकतच नाहीत. सगळ्या इथे जमतात." त्यांची नजर अंगणातल्या फरशीवर होती. रात्रीचा उरलेला भात मी तिथे नुकताच पसरला होता आणि चार साळुंक्या तो टिपत होत्या. मान वाकडी करून एक शीत उचलायचं, दोन पावलं चालायचं, पुन्हा उचलायचं. "इंडियन मैना," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. गव्हावर तांबेरा पडला की आपल्याकडचा शेतकरी ज्या सुरात त्याचं नाव घेतो, तो सूर होता.

मी म्हटलं, "विचार करून सांगते."

चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या, लोकरीचा भाव झाला, आणि आबा पिंजरा उचलून निघून गेले. त्यांना माझं उत्तर काही वावगं वाटलं नसावं. मला मात्र दिवसभर कशात लक्ष लागेना. कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना तो "इंडियन" शब्द कानात वाजत राहिला आणि फरशीवरची ती रिकामी झालेली जागा डोळ्यांपुढून हलेना. एक शीत उरलं नव्हतं.

माझं आजोळ कराडजवळचं, कृष्णाकाठचं. आजी भात टाकताना घरातली माणसं मोजून वाटीनं तांदूळ घ्यायची आणि मग डब्यात हात घालून वरून एक मूठ टाकायची. ती मूठ पाखरांची. भात रात्री उरलाच पाहिजे, नाहीतर सकाळी परसात काय पसरायचं? चिमण्या यायच्या, कावळे यायचे, होले यायचे, पण सगळ्यात आधी साळुंक्या. त्या मालकिणीसारख्या चालत यायच्या, उड्या मारत नाही. आमच्या पडवीच्या वळचणीला वासा आणि भिंत यांच्यामध्ये एक भोक होतं, त्यात दर उन्हाळ्यात त्यांचा संसार. सुतळी, कापूस, वर्तमानपत्राचा तुकडा, कोंबडीचं पीस आणि एकदा चक्क सापाची कात त्या भोकातून लोंबत होती. मामा काठीनं घरटं पाडायला निघाला तर आजीनं त्याला उंबऱ्यावरच अडवलं. धाकट्या भावाच्या पाळण्यावर सावंतवाडीची लाकडी राघू-मैना टांगलेली होती, हिरवा राघू आणि पिवळ्या चोचीची काळी मैना, वारा आला की एकमेकांना टकटक आपटायची. जात्यावरच्या ओव्यांत तीच जोडी, आत्याच्या पैठणीच्या पदरावरही तीच. राघू आणि मैना म्हणजे नवरा-बायको, हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही. पक्षीतज्ज्ञ हसतील, पण ते भाषेबरोबरच अंगात आलं होतं.

सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलो तेव्हा ऐकू येणारं प्रत्येक पाखरू परकं होतं. पहाटे मॅगपायचा तो ओल्या बासरीसारखा, दोन सूर एकदम निघाल्यासारखा आवाज. तारेवर ओळीनं बसलेले गुलाबी-करडे गलाह. संध्याकाळी एकानं सुरू केलं की साऱ्या रानानं हसावं तसे कूकाबरा. सुंदर होतं सगळं, पण माझ्या ओळखीचं नव्हतं. दोन हजारांच्या आसपासची वस्ती, चौफेर मेंढ्यांची कुरणं आणि गहू-कॅनोलाची शेतं, सर्वांत जवळचं मोठं शहर कॅनबेरा, तेही शंभरावर किलोमीटरवर. पहिल्या हिवाळ्यात एका दुपारी पेट्रोल भरायला थांबले होते. पंपाच्या मागच्या कचरापेटीजवळ पावाचा तुकडा घेऊन एक तपकिरी पाखरू चाललं होतं. पिवळे पाय, डोळ्यामागे पिवळा डाग, उडालं तेव्हा पंखांवर पांढरे ठिपके. "अगं बाई, तू इथे?" हे मी मोठ्यानं म्हटलं. पैसे घेणाऱ्या मुलीनं वर पाहिलं. त्या दिवशी घरी येऊन मी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि वरची मूठ टाकली. कितीतरी वर्षांनी.

राघू भेटायला मात्र सप्टेंबर उजाडावा लागला. इथल्या वसंताची सुरुवात. कॅनोला फुललेला असतो, मैलोन्‌मैल मोहरीचं शेत वाटावं असा पिवळा, आणि कुंपणांच्या कडेनं वॉटल, म्हणजे इथली बाभूळ, तीही पिवळीच. त्या पिवळ्यातून हिरवे बाण सुटावेत तसे पंधरा-वीस पोपट माझ्या गाडीवरून गेले. सुपर्ब पॅरट. शेपटी लांब, उडणं सरळ आणि जोरकस, आवाज आपल्या पोपटापेक्षा जाडा, घशातला. मादी साधी हिरवी. नराचा चेहरा हळदीनं माखल्यासारखा पिवळा आणि त्या पिवळ्याखाली गळ्याशी लाल पट्टा. आपल्या राघूच्या गळ्यालाही लाल कंठी असते. माझ्या मनानं तेवढ्यावरच नातं जोडून टाकलं. हे पोपट फक्त ऑस्ट्रेलियाच्या या आग्नेय भागातच आहेत, आणि यास, बुरोवा, काउरा हा टापू त्यांचं मोठं बाळंतघर. गावानंही हा पक्षी आपली खूण म्हणून मिरवला आहे. सप्टेंबरात येतात, पिल्लं वाढवतात आणि जानेवारीच्या उन्हात उत्तरेकडे निघून जातात. सरकारी यादीत ते संकटातल्या पक्ष्यांमध्ये मोडतात. कापणीच्या दिवसांत ट्रकमधून रस्त्यावर धान्य सांडतं, ते टिपायला हे थव्यानं उतरतात आणि चाकाखाली येतात. गेल्या डिसेंबरात असा एक नर मी रस्त्यावरून उचलून गवतात ठेवला होता. अंग अजून ऊन होतं. चोचीत गव्हाचा दाणा तसाच.

आमच्या कुंपणापलीकडे आबांच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे मेंढ्यांच्या कुरणात, एक म्हातारं झाड आहे. ब्लेकलीज रेड गम, निलगिरीचीच एक जात. निलगिरी म्हटलं की आपल्याला बांधावर ओळीनं लावलेली, पाणी पिणारी, सरळसोट झाडं आठवतात. ज्यांच्या सावलीत धड बसताही येत नाही. हे झाड बघितल्यावर मला त्या निलगिरीविषयी वाईट वाटलं. ती आपल्याकडे परकी, घाईनं वाढवून घाईनं तोडलेली, पोरवयातच गेलेली. हे मात्र वडासारखं पसरलेलं, तिघांनी हात धरले तरी कवेत न येणारं. बुंध्यावर राखाडी, मलईरंगी आणि फिकट गुलाबी अशी सालीची ठिगळं, खाली दुपारभर मेंढ्या दाटीवाटीनं उभ्या. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर एक जाड फांदी कधीतरी मोडली असावी. तिथे ढोली आहे. तिचं तोंड चांगलं ताटलीएवढं आणि काठ घासून घासून गुळगुळीत झालेले, जुन्या वाड्याच्या उंबऱ्यासारखे.

या ढोलीमुळेच मला या देशाची एक गोष्ट कळली, जी कळल्यावर बराच वेळ मी गप्प बसून होते. ऑस्ट्रेलियात सुतारपक्षी नाही. तांबटही नाही. आपल्याकडे तांबट किंवा सुतार वाळल्या फांदीत टोचून टोचून घर करतो, पुढच्या वर्षी ते सोडतो, मग तिथे राघू येतो, साळुंकी येते, पिंगळा येतो. घरं बांधणारा कारागीर गावात आहे, म्हणून बाकीच्यांचं भागतं. इथे तो कारागीरच नाही. फांदी मोडायची, त्या जखमेतून बुरशी शिरायची, वाळवीनं आतला गाभा खायचा, एखाद्या वणव्यानं पोखरलेलं अजून पोखरायचं, तेव्हा कुठे ढोली होते. पोपट शिरेल एवढी ढोली व्हायला झाड शंभर-सव्वाशे वर्षांचं तरी व्हावं लागतं. आणि या ढोल्यांवर पोट, नव्हे वंश, अवलंबून असलेले प्राणी साऱ्या देशात तीनशेच्या आसपास जातींचे: पोपट, काकाकुवे, घुबडं, वटवाघळं, पोसम, झाडावरून झाडावर तरंगत जाणारे ग्लायडर, घोरपडी. बदकंसुद्धा! मागच्या वर्षी याच झाडाच्या दुसऱ्या ढोलीतून वूड डकची पिल्लं एकामागून एक खाली उड्या टाकताना मी पाहिली. एका दिवसाचे कापसाचे गोळे, पंख फुटायला अजून अवकाश, आणि खालून आई बोलावते म्हणून शून्यात पाऊल टाकायचं. धप्प. गवतातून उठायचं, अंग झटकायचं आणि तिच्यामागे तळ्याकडे चालू लागायचं. नऊ होती.

ढोली लावता येत नाही. झाड लावता येतं.

हे वाक्य आबांचं. त्यांच्या आजोबांनी हे रान मोकळं केलं. तेव्हा झाड तोडायला वेळ कुणाला होता. कुऱ्हाडीनं खोडाभोवती सालीचा एक पट्टा सोलायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचं. झाड उभ्या उभ्या वाळायचं, खाली गवत वाढायचं, मेंढ्या यायच्या. एकेकाळी या उतारांवर व्हाइट बॉक्स, यलो बॉक्स आणि रेड गम या निलगिरींचं विरळ, गवताळ रान होतं. आता त्यातलं चांगल्या स्थितीतलं पाच टक्क्यांहूनही कमी उरलंय, आणि २००६ साली देशाच्या कायद्यानं त्याला अत्यंत धोक्यातलं म्हणून नोंदवलं. आबांच्या पॅडॉकमध्ये आजोबांनी सोललेली काही झाडं अजून राखाडी सांगाड्यासारखी उभी आहेत, आणि त्यांच्याही ढोल्यांत पाखरं राहतात. "आजोबांनी मारलेल्या झाडांनीच त्यांना आजवर सांभाळलं," आबा एकदा म्हणाले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. स्वतः आबांनी तीस वर्षांपूर्वी ओढ्याच्या कडेनं शेकडो रोपं लावली, मेंढ्यांपासून राखायला कुंपण घातलं. ती झाडं आज उंच आहेत, देखणी आहेत, भरगच्च आहेत. त्यांत एकही ढोली नाही. व्हायला अजून ऐंशी-शंभर वर्षं. ढोलीऐवजी घरट्यासाठी पेट्या टांगूनही फारसं साधत नाही. ह्यूम हायवे रुंद करताना मोठी झाडं गेली, त्यांच्या बदल्यात तीनशेहून अधिक लाकडी पेट्या लावल्या होत्या, पण ज्यांच्यासाठी लावल्या त्या सुपर्ब पॅरटनं त्या जवळजवळ वापरल्याच नाहीत, असं अभ्यासकांना दिसून आलं. पाखराला पेटी आणि घर यांतला फरक कळतो.

तर आबा पिंजरा घेऊन आले त्याच्या आधीच्या पंधरवड्यात त्या झाडावर राघूंची एक जोडी ढोली बघत होती. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंपणाशी उभी राहायची. मादी आत शिरायची, शेपटी तेवढी बाहेर, मग तीही आत. हे लोक आत काही पसरत नाहीत. काडी नाही, कापूस नाही. लाकडाचा कुजून झालेला भुगा असतो तोच बिछाना, त्यावर अंडी. ती आत बसली की नर बाकीच्या नरांबरोबर चरायला लांब जायचा आणि दुपारी परतून जवळच्या फांदीवरून जाड्या आवाजात हाक द्यायचा. ती बाहेर यायची, मान खाली घालून, पिल्लासारखे पंख थरथरवत त्याच्यासमोर बसायची आणि तो चोचीत चोच घालून तिला भरवायचा. पाळण्यावरच्या राघूची मला आठवण यायची. फक्त इथे शेजारी मैना नव्हती, याची चुटपुट लागायची. खरंच लागायची, आता लिहितानाही ते खोटं लिहवत नाही.

मग मैना आली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नर चरायला गेलेला असताना दोन साळुंक्या ढोलीच्या तोंडाशी उतरल्या. कुठून आल्या ते मी पाहिलं होतं. माझ्या फरशीवरून. एक आत डोकावली, आतून कर्कश ओरडा झाला, ती मागे सरली, दुसरी पुढे झाली. मारामारी अशी काही झाली नाही. नुसता तगादा. दर पाच-दहा मिनिटांनी यायचं, तोंडाशी बसायचं, मान वरखाली करत मोठमोठ्यानं बोलायचं, आत टोच मारायची. मी टाळ्या वाजवल्या की उडायच्या आणि माझ्याच छपरावर येऊन बसायच्या. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी साळुंकीच्या चोचीत निळी दोरी होती, गवताचे गठ्ठे बांधतात ती प्लास्टिकची, आणि तिचं दुसरं टोक हातभर खाली लोंबत होतं. ती दोरी आत ओढताना मी पाहिली, थोडी थोडी, विहिरीवर पोहरा ओढावा तशी. त्यामागून ओली हिरवी पानं, पावाच्या पिशवीचा तुकडा. कुंपण ओलांडून झाडाखाली गेले. मेंढ्यांच्या लेंड्यांत, वाळक्या सालींत एक पांढरं अंडं पडलं होतं. एका बाजूला टोचल्याचं भोक, कडा आत वळलेल्या. त्यात मुंग्या होत्या. अंडं हातात घेतलं तर त्याला वजनच नव्हतं.

ती दोरी, ते सामान आत भरणं मी ओळखत होते. वळचणीतून लोंबणारी सुतळी तीच होती. तिथे मला त्यात घर दिसलं होतं.

त्या रात्री आईला फोन केला. तिला अंड्याचं सांगितलं, पिंजऱ्याचं सांगितलं. आई म्हणाली, "अगं, साळुंकी आहे ती. साळुंकीला कुणी मारतं का?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "आणि तो राघू कुठं गेला गं?" मला उत्तर देता आलं नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ वाचत बसले. १८६२ साली मेलबर्नच्या भाजीमळ्यांतले किडे खावेत म्हणून साळुंक्या आणून सोडल्या. पुढे उसावरच्या किडीसाठी क्वीन्सलँडला नेल्या. कॅनबेरात तर १९६८ मध्ये, म्हणजे माझ्या आईच्या लहानपणी. साळुंकीच्या शास्त्रीय नावातच टोळांची शिकार करणारी असा अर्थ आहे. कामाला म्हणून आणलेली ती, आपण होऊन आलेली नव्हे. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांच्या यादीत आज तिचं नाव आहे. आणि मग २०२३ सालचा एक अभ्यास सापडला. भारत, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, फिजी, हवाई आणि दक्षिण आफ्रिका इथल्या ८१४ साळुंक्यांचे जनुकं तपासून त्या मूळच्या कुठल्या हे शोधलं होतं. मेलबर्नच्या साळुंक्यांचे पूर्वज बहुधा महाराष्ट्रातले, असा त्यात निष्कर्ष होता.

मी तो परिच्छेद तीनदा वाचला. दिवा मालवला तरी डोळे मिटेनात. कुणाच्या वळचणीतून, कुठल्या बंदरातून, बोटीच्या कुठल्या कोपऱ्यात ठेवलेल्या पिंजऱ्यातून गेली असतील ती पाखरं. पंपामागच्या साळुंकीशी मी मराठीत बोलले होते, ते काही अगदीच खुळेपण नव्हतं तर. तो आनंद होता, आणि त्याच्या बुडाशी मुंग्या लागलेलं ते अंडंही होतं. दोन्ही एकाच वेळी उशाशी.

आबांना दुसऱ्या दिवशी मी विचारलं, खरंच साळुंक्यांमुळे पोपट जातात का? माझ्या प्रश्नाला धार आली असावी, कारण त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. त्यांनी जे सांगितलं ते नंतर मी वाचलंही. कॅनबेरात एकोणतीस वर्षांच्या नोंदी तपासल्यावर साळुंक्या वाढल्या तिथे ढोलीत राहणारे काही पक्षी, रोझेला पोपट, कूकाबरा, काकाकुवे, कमी होत गेलेले दिसले. पण आबांनी त्यावर बोट ठेवून हात झटकले नाहीत. "झाडं असती तर दोघंही राहिले असते," ते म्हणाले. "ढोल्या कमी आम्ही केल्या. तिनं फक्त उरलेल्यांतली एक घेतली. पण आजोबांना मी पिंजऱ्यात घालू शकत नाही." हे ते हसण्यासाठी बोलले नव्हते, आणि मीही हसले नाही. मग त्यांनी मला नॉइझी मायनर दाखवला, करडा, तोही पिवळ्या चोचीचा, पण इथलाच. इंग्रजांनी आपल्या मैनेसारखा दिसतो म्हणून त्याला ते नाव दिलं. पिंजऱ्यात चुकून तो सापडला तर सोडून द्यायचा, हे त्यांनी दोनदा बजावलं. जाताना ते म्हणाले, "कॉमन मैना. ते खरं नाव आहे." त्यांनी "इंडियन" म्हणणं सोडलं होतं. कधीपासून, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. "मैना" मात्र ते तसंच म्हणतात, तो शब्द आपलाच आहे हे त्यांना ठाऊक नसताना.

मी पिंजरा ठेवायला सांगितला.

त्याआधी आठवडाभर अंगणात भात टाकायचा नाही, अशी अट होती. दुसरं खाणं असलं की त्या पिंजऱ्याकडे बघतही नाहीत. पहिल्या सकाळी त्या नेहमीच्या वेळी आल्या, फरशीवर फिरल्या, माझ्या स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. चार दिवस आल्या. मी आतून जाळीच्या दारामागे उभी. पाचव्या दिवसापासून येणं कमी झालं. मग आबांनी पिंजऱ्याच्या खालच्या कप्प्यात कुत्र्याची कोरडी बिस्किटं टाकली. दार नरसाळ्यासारखं, आत यायला सोपं, बाहेर जायला अवघड. आत आलेलं पाखरू उजेडाकडे, वरच्या कप्प्यात जातं. पाण्याची वाटी, बसायला दांडी, ऊन लागू नये म्हणून वरून अर्धं पोतं. आबांनी सगळं व्यवस्थित केलं, पाहुण्याची खोली करावी तसं. पहिली साळुंकी नोव्हेंबरच्या मध्यावर सापडली. मी कामावरून आले तर ती दांडीवर शांत बसली होती. इतक्या जवळून साळुंकी मी आयुष्यात पाहिली नव्हती. डोळ्यामागचा पिवळा भाग पिसांचा नसतो, उघडी कातडी असते ती, आणि तिच्यावर बारीक सुरकुत्या असतात. डोक्याचं काळं नुसतं काळं नाही, उजेड फिरला की त्यात मोरपिशी झाक येते. बुबुळात पांढरे कण. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गळ्यातल्या गळ्यात ती बडबड सुरू केली, ती आजीच्या परसातली, थोडी तक्रारीची, थोडी गप्पांची.

पिंजरा न्यायचा तो अंधार पडल्यावर. बाकीच्या साळुंक्यांनी पाहिलं तर त्या जागेजवळ पुन्हा येत नाहीत, इतकी ती हुशार जात. आबा सातच्या सुमाराला आले. पोतं पूर्ण खाली ओढलं तशी बडबड थांबली. "तू आत जा," ते म्हणाले. मी गेले नाही. पिंजऱ्याला दोन्ही बाजूंनी कड्या होत्या, एक मी धरली, एक त्यांनी, आणि आम्ही तो त्यांच्या गाडीपर्यंत नेला. हलका होता. पोपटाच्या त्या अंड्यासारखाच, वजन नसलेला. गाडीचं दार लावताना आबांनी एकच शब्द म्हटला, "सॉरी." तो मला उद्देशून होता की पोत्याखाली होती तिला, ते मी विचारलं नाही.

ढोलीत दुसऱ्या साळुंकीनं पिल्लं काढली. तीन. तिला कुणी पकडलं नाही, आणि मीही आबांकडे ती गोष्ट काढली नाही. राघूंची ती जोडी पुन्हा तिथे दिसली नाही. डिसेंबरात गव्हाची कापणी झाल्यावर रस्त्यापलीकडच्या कोरड्या सडांमध्ये एक थवा उतरला होता, चाळीसेक तरी, त्यांत आखूड शेपटीची यंदाची पिल्लं बरीच होती. आजोबांनी सोललेल्या कुठल्या राखाडी झाडातून ती निघाली असतील. मी गाडी बाजूला घेऊन, मागचे दिवे लावून, ती उडेपर्यंत थांबले. मागून एक ट्रक आला. त्यानंही वेग कमी केला.

पण हे पुढचं. त्या नोव्हेंबरच्या रात्री आबांची गाडी गेल्यावर मी हात धुतले आणि भात टाकायला घेतला. माणसं तीन. वाटीनं तांदूळ मोजले. हात सवयीनं पुन्हा डब्यात गेला होता आणि मूठ भरून वर आली होती. पातेल्यावर ती तशीच थोडा वेळ धरली. मग बोटं सैल करून तांदूळ पुन्हा डब्यात सोडले, आणि झाकण लावलं.